राणीच्या शेजारी कोण?

नाटकाची तालीम दोन महिने चालली की संवादांपेक्षा किस्सेच जास्त पाठ होतात. आमच्या शाळेने तालुक्याच्या स्पर्धेसाठी जुनं इंग्रजी नाटक घेतलं, तेव्हा तसंच झालं.

निवडीच्या दिवशी माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचला नाही. राणी झालेली माझी मैत्रीण वेदिका म्हणाली, "तू वाचलंस, की नुसता श्वास घेतलास गो?" सरांनी मला प्रॉम्प्टर केलं. पडद्याआड, पुस्तक घेऊन!

पप्पांना मात्र मी एवढंच सांगितलं, "मी नाटकात आहे." त्यांनी आमच्या अख्ख्या पार्से गावाला लेकीचं कौतुक सांगून टाकलं, "माझा चेडू इंग्लिशीत बोलतला!"

*

संवाद मी घरी मराठीत सांगायचे. नाटकातला प्रधान म्हणतो, "झाड लावणारा सावलीत क्वचितच बसतो."

आई म्हणाली, "तेणा काजूचा कलम लावूक व्हया होता. तिसऱ्या वर्षी धरता!"

*

पप्पा सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवतात. एकदा एकाने रांगेत ट्रक घुसवला आणि वर आरडाओरडा सुरू केला. पप्पांनी नाटकातल्या राजाचं वाक्य ऐकवलं, "ओरडणाऱ्याला स्वतःचंही ऐकू येत नाही."

"कोण म्हणता असा?"

"इंग्लंडचो राजा!"

त्याने डोकं खिडकीतून आत घेतलं. मग गिअर टाकत म्हणाला, "तुझ्या राजाक सांग, रिव्हर्स घेतलंय!"

*

जत्रांत पप्पा दशावतारात राणी होतात. तिथे पुस्तक नसतं, संवाद उभ्या उभ्या सुचतो. आमच्या नाटकातल्या राणीचं एक वाक्य त्यांना फार आवडलं: "भीतीला लपवू नका. तिला शेजारी उभी करा आणि बोला." पुढच्याच जत्रेत त्यांनी ते म्हटलं. टाळ्या!

पेटीवाल्या काकांनी विचारलं, "खंयच्या पुराणातला रे?"

"चेडवाच्या पुस्तकातला!"

*

स्पर्धेच्या दिवशी पप्पा रजा टाकून शेवटच्या रांगेत बसले. मी पडद्याआडच आहे, हे त्यांना अजून माहीत नव्हतं.

आणि वेदिका नेमकं भीतीचं तेच वाक्य विसरली! मी आडून सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. राणी माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे.

मी पुस्तक खाली ठेवलं. शाळेच्या गणवेशातच रंगमंचावर गेले, राणीच्या शेजारी उभी राहिले आणि अख्खं वाक्य इंग्रजीत म्हटलं. शेवटच्या रांगेपर्यंत!

नाटक संपल्यावर परीक्षकांनी माइकवरून विचारलं, "ती गणवेशातली मुलगी कोण? यादीत तर नाही."

सरांनी मान खाली घातली. वेदिका मुकुट सावरत पुढे झाली. "सर, ती राणीची भीती!"

शेवटच्या रांगेतून पप्पा उठले.

"आणि माझा चेडू!"