चहा प्यायलेला नागरिक

‘बढिया आहे! होऊन जाऊ द्या!’ असं म्हणत खुर्चीतून अर्धवट उठायचं आणि दोन्ही हात जोडायचे, ही काकांची सहमती. महापालिकेनं बोलावलेली नागरिकांची कुठलीही सभा असो, पार्किंगची, बसथांब्यांची नाहीतर फुटपाथची, पहिल्या रांगेत हा माणूस अर्धवट उठलेला दिसणारच. असा एखादा तुमच्याही गावात असेल. नीट आठवून पाहा.

मी फोटोवाला. अशा सभांचे फोटो काढायचं काम मला मिळतं. नागरिकांचा सहभाग झाला हे फोटोशिवाय सिद्ध होत नाही, आणि त्या फोटोत नागरिक हसतमुख लागतो. काका तसे आपसूकच होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, माझ्या दुकानामागच्याच गल्लीत राहायचे.

एकदा मी विचारलं, ‘काका, तुमी कधीच इरोध काहून नाही करत?’

‘अरे, त्याइनं आपल्याले बलावलं, खुर्ची देल्ली, चहा पाजला, आलुबोंडा चारला. आता खाऊनपिऊन त्याइच्याच घरी त्याइले नाही म्हनू? लाज नाही वाटत?’

मी हसलो. ते कुणाचं घर नव्हतं आणि आलुबोंडा आपल्याच करातला होता, हे त्यांना कोण समजावणार?

मग आमच्याच रस्त्याची पाळी आली. योजना म्हणे पायी चालणाऱ्यांसाठी. पडद्यावर चित्र दाखवलं: दुतर्फा झाडं, बाकं, बाबागाडी ढकलत निघालेली एक गोरी बाई. अकोल्याच्या मे महिन्यात ती बाई कोपऱ्यापर्यंत तरी पोचली असती का, देव जाणे. चित्राच्या मधोमध लोखंडी जाळीचा लांबच लांब दुभाजक होता. लोकांनी मध्येच रस्ता ओलांडू नये, त्यांच्याच सुरक्षिततेसाठी. आमच्या गल्लीसमोरची वाट त्यात बंद होत होती.

त्या दिवशी काका अर्धवटही उठले नाहीत. त्यांची थोरली बहीण रस्त्याच्या पलीकडे राहायची. नवरा गेल्यावर दर्यापूरहून आलेली, डोळ्यांनी अधू. भावाच्या संसारात अडचण नको म्हणून वेगळी खोली घेऊन राहिली होती. रोज दुपारी काकूंनी भरलेला डबा घेऊन काका रस्ता ओलांडायचे, ती जेवेपर्यंत गप्पा मारत बसायचे.

पुढच्या सभेला काका आले आणि त्यांनी चहा परत केला. वाढणारा बुचकळ्यात पडला.

‘तब्येत बरी नाही का, काका?’

‘बरी आहे. आज मले बोलाचं आहे.’

आलुबोंड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. उपाशी राहिलं म्हणजे नाही म्हणायचा हक्क मिळतो, अशी त्या भाबड्या माणसाची समजूत. माईक त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

‘साहेब, रस्ता बढिया आहे. फक्त आमच्या गल्लीपुढं एक वाट ठेवा. माही बहीन तिकडं राह्यते. तिले दिसत नाही.’

‘काका, तुमची सूचना अतिशय मोलाची आहे,’ साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या.

काका खाली बसले आणि माझ्या कानाशी लागले. ‘पाह्य, ऐकते मानूस. उगीच भेलो मी.’

असल्या टाळ्या सभा आटोपायला वाजवतात, हे मला ठाऊक होतं.

दुभाजक झाला. वाट ठेवली नाही. झाडं आली नाहीत, बाकं आली नाहीत. चित्रातलं लोखंड तेवढं आलं. उद्घाटनाच्या फलकावर मात्र मीच कधीतरी काढलेला फोटो झळकला. हात जोडलेले हसरे काका, आणि खाली ‘नागरिकांच्या सूचनांनुसार’. माझं डोकं फिरलं. फलक लावणाऱ्यांचा राग आला आणि खरं सांगायचं तर काकांचाही आला.

‘आता तरी भांडा,’ मी म्हणालो.

‘इसरले असतीन रे. कामं किती असतात त्याइले!’

मग ते डबा घेऊन पार चौकापर्यंत जायचे आणि वळसा घालून पलीकडे यायचे. फुटपाथवर मोटारसायकली उभ्या, म्हणून डांबराच्या कडेकडेनं चालायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी चौकाच्या अलीकडेच ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. डॉक्टर उष्माघात म्हणाले. मी तसं म्हणत नाही.

तिरडी गल्लीतून बाहेर आली तेव्हा बहीण समोर उभी होती. शेजारणीचा हात धरून ती पलीकडून निम्मा रस्ता ओलांडून आली होती आणि जाळीपाशी अडली होती. तिला वळसा घालून घरी आणायला हवं होतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. जाळी छातीएवढी उंच. आम्ही खांदेकरी रस्त्यात शिरलो आणि तिरडी जाळीच्या काठावर टेकवली. तिनं हात वर करून भावाचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या, हॉर्न सुरू झाले. बाजूला घ्या म्हणून कुणीतरी ओरडलंही.

तिनं हात काढून घेतला.

‘न्या बापा आता,’ ती म्हणाली. ‘लोकायले उशीर होऊन राह्यला.’