दादाला मी विचारलं

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत काचेपलीकडे दादा येऊन बसला आणि मी बघतच राहिले. त्याचे गाल भरले होते. बाहेर असताना गर्दच्या व्यसनाने त्याचा नुसता सापळा उरला होता.

फोनवर तो शांतपणे म्हणाला, "तू दिलेला स्वेटर बराकीतल्या एकाला देऊन टाकला. मला आता काय लागणार?"

आनंद व्हावा की भीती वाटावी, कळेना. नशेत तो रडायचा, शिव्या द्यायचा, दारं आपटायचा. तेव्हा निदान त्याच्या मनात काय चाललंय ते ऐकू तरी यायचं. या शांतपणाचं काय करायचं? माणूस सुधारला की असाच दिसतो, आणि हरला तरी असाच दिसत असेल का?

"दादा, जीव द्यायचं येतं का रे मनात?"

विचारलं आणि वाटलं, नसलेलं मीच सुचवलं की काय!

तो खाली बघत म्हणाला, "रोज येतं. नशेत निदान विसरायला तरी व्हायचं."

"इथल्या डॉक्टरांना सांगू?"

"सांग. मला नाही गं सांगता येत."

मी दारावरच्या हवालदारांना सांगितलं. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं. "याला आता एकटं ठेवायचं नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि दादाला सोबत घेऊन गेले.

बाहेर आले तेव्हा भीती वाटत होती, आणि तरी कुठेतरी हलकंही वाटत होतं. असं वाटावं का, तेही कळत नव्हतं.

घरी आईने विचारलं, "कसा आहे गं?"

"मनातलं बोलला," मी म्हणाले.