करंगळीखालचा पत्रा

मी दादाला विचारलं नाही. माझी चूक एवढ्या एका वाक्यात मावते, आणि ती तशीच लिहायला हवी. आजवर मी तिच्याभोवती इतकी कारणं गुंडाळली की मलाच ती नीट दिसेनाशी झाली होती. गिटार दादाची होती. माझ्याकडे फक्त ठेवायला दिली होती. ती विकून मी दुसरी घेतली, आणि रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर राहणाऱ्या सख्ख्या भावाला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडिलांनी गिरगावातली भाड्याची खोली सोडून भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अंगाला घर घेतलं तेव्हा मी शाळेत होतो आणि दादा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागला होता. कामावरून यायचा तेव्हा पापण्यांपर्यंत काळा असायचा. पहिल्या बोनसमधून त्याने उत्तनच्या एका बँडवाल्याची जुनी गिटार आणली. आई म्हणाली, घरात पंखा नाही आणि हा पेटी आणतोय. तिच्या लेखी वाजणारी प्रत्येक वस्तू पेटीच होती.

दादा डावखुरा. त्याने तारा काढून उलट्या क्रमाने लावल्या आणि त्या बसतील अशा खाचा कानशीने घासून घेतल्या. पण लाकडावर नखांचे ओरखडे उठू नयेत म्हणून जी प्लास्टिकची पट्टी असते, ती आता चुकीच्या बाजूला गेली. मग कारखान्यात बाद झालेल्या एका थाळीचा पत्रा त्याने पानाच्या आकारात कापला, कडा घासल्या, आरशासारखा पॉलिश केला आणि बरोबर बाजूला चिकटवला. वाजवताना डाव्या हाताची करंगळी त्या पत्र्यावर टेकवायची त्याला सवय लागली. म्हणायचा, गार लागतो, हात जागेवर राहतो.

त्यानंतर वर्षभरात पॉलिशच्या चाकात त्याचा उजवा हात ओढला गेला. बोटं वाचली, पण टाके पडले आणि हात कित्येक आठवडे पट्टीत होता. डावखुऱ्या माणसाचा उजवा हात कॉर्ड दाबतो. तोच गेला. दादा गिटार मांडीवर घेऊन नुसता बसायचा, डाव्या हाताने मोकळ्या तारा छेडायचा. एके दिवशी मला म्हणाला, "इकडे ये. तू दाब, मी वाजवतो."

मी त्याच्या उजवीकडे बसलो आणि त्याच्या हाताच्या जागी माझा उजवा हात ठेवला. कोणतं बोट कुठे, ते त्याने सांगितलं. बोटांना फोड आले तेव्हा हसला आणि म्हणाला, "आता तू पण कामगार झालास." कॉर्ड बदलायची वेळ आली की तो बोलायचा नाही, नुसती हनुवटी वर करायचा. काही दिवसांनी मला हनुवटीकडे बघावंही लागेना. एकच गिटार, एक माझा हात, एक त्याचा. शेजारच्या गुजराती काकी दारात येऊन म्हणायच्या, "बे जणा थईने एक वगाडे छे," दोघं मिळून एक वाजवतात. त्याचा हात बरा झाल्यावरसुद्धा आम्ही बराच काळ तसंच वाजवत राहिलो. मी जेवतो उजव्या हाताने, सही उजव्या हाताने करतो, पण गिटार मात्र डावखुरी वाजवतो. मला दुसरी येतच नाही.

हे मला आठवत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. लोकांना मी हा किस्सा हौसेने सांगायचो. तरीही ज्या दिवशी तो उपयोगी पडायला हवा होता, त्या दिवशी तो माझ्या डोक्यात आला नाही.

दादाला अर्धांगाचा झटका आला तो निवृत्तीनंतर वर्षभरात. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जीभ थोडी परत आली तेव्हा तिच्यावर एकच शब्द उरला होता, 'बरं'. चहा हवा का, बरं. दुखतंय का, बरं. वहिनी रडली तरी बरं. घरात दवाखान्यासारखी पलंगाची व्यवस्था करावी लागली, तेव्हा वहिनीने कपाटाच्या बाजूला टांगलेली गिटार काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुमच्याकडे राहू दे, भाऊजी. बरे झाले की मागतीलच."

मी ती मीरा रोडला माझ्या घरी आणली. त्या सुमारास मी तारोडी गावच्या एका ग्रुपबरोबर हळदीच्या कार्यक्रमांना वाजवायला जाऊ लागलो होतो. ऑफिसात माझी किंमत संपत चालली होती, नवे साहेब माझ्याकडे न बघता बोलायचे. पण शनिवारी संध्याकाळी मांडवात नवरदेवाला हळद लागत असताना कुणीतरी माझ्याकडे बघून नाचायचं, आणि तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. ग्रुपमध्ये बेंजो, कीबोर्ड, ढोलकी, ताशा, आणि कोपऱ्यात मी. दादाच्या गिटारीला वायरने आवाज स्पीकरपर्यंत नेणारा पिकअप नव्हता. समोर माइक ठेवला की शिट्टी मारायचा, नाही ठेवला तर ताशात सगळं बुडायचं. बेंजोवाला तारोडीचाच, आमचा म्होरक्या. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुमची गिटार दिसतंय छान, पन ऐकाया येत न्हाय." सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या हळदीला त्याने मला बोलावलं नाही.

जुन्या गिटारीला पिकअप बसवता आला असता. दुरुस्ती करणाऱ्याने बघून सांगितलं की बाजूला भोक पाडावं लागेल. दादाच्या गिटारीला भोक पाडायला माझा जीव होईना. विकायला मात्र झाला, याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

त्याच दरम्यान दुकानात ती नवी दिसली. पिकअपवाली, आणि डावखुरी. डावखुरी गिटार दुकानात सहसा नसतेच. कुणीतरी ऑर्डर देऊन न्यायला आलाच नव्हता. मी ती मांडीवर घेतली, वायर लावली, एक कॉर्ड वाजवली, आणि दुकानातल्या चार माणसांनी माना वळवल्या. दुकानदार म्हणाला, "संडे तक रखता हूँ, उसके बाद भरोसा नहीं." जुनी विकली तरच नवी परवडणार होती. मुलीची फी भरायची होती, घराचे हप्ते चालू होते, दुसरीकडून पैसा निघणं शक्य नव्हतं.

रविवारपर्यंत मी दुसरा कसला विचारच केला नाही. जुनी मांडीवर घेऊन बसायचो आणि मनातल्या मनात वकिली करायचो. न वाजवलेलं लाकूड मरतं. वस्तू वापरणाऱ्याची असते. दादा स्वतः असता तर म्हणाला असता, घेऊन टाक. तो होताच, खारीला, पलंगावर उशीला टेकून, हे त्या वकिलीत कुठेही यायचं नाही. एकदा वाटलं, नको. गिटार पिशवीत घालून कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी परत काढली आणि मोबाइलवर विक्रीसाठी तिचे फोटो टाकले. पत्र्यात माझाच चेहरा पडत होता, म्हणून तो फोटो दोनदा काढावा लागला.

बायको फोटो काढताना बघत होती. तिने एवढंच विचारलं, "दादांना विचारलंत का?"

मी म्हणालो, "विचारून काय होणार? बरंच म्हणणार तो. त्याला आता काय कळतंय?"

ते वाक्य खोलीत तसंच पडून राहिलं आणि मी ते उचललं नाही.

नया नगरच्या एक बाई घ्यायला आल्या. त्यांची मुलगी डावखुरी होती, क्लासमध्ये सगळ्यांच्या उलट बसून शिकत होती. बाईंनी विचारलं, इतकी जपलेली चीज कशाला विकताय? मी म्हणालो, "घर में कोई बजाता नहीं." हे तर सरळसरळ खोटं होतं. वर मला बरंही वाटलं, की चला, डावखुऱ्याचीच गिटार डावखुऱ्या लेकराकडे गेली. मी त्या समाधानावर नवी गिटार घेतली आणि दोन हळदी दणक्यात वाजवल्या. बेंजोवाल्याने पाठ थोपटली.

मग वहिनीचा फोन आला. व्यायाम करवून घ्यायला एक नवी मुलगी येत होती. तिने विचारलं होतं की हे आधी हाताने काय करायचे, त्यांना आवडेल असं काही द्या. वहिनी म्हणाली, "मी आपली बोलले की गिटार वाजवायचे, पण आता कसं जमणार, एक हात तर गेला. तर हे पलंगावरून हनुवटी वर करायला लागले, भाऊजी. सारखी वर, सारखी वर. मला काय कळेना. मग डाव्या हाताने असं वाजवल्यासारखं केलं आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट केलं. तेव्हा मला आठवलं, तुम्ही दोघं कसे बसायचात ते. घेऊन या ना रविवारी."

त्याचा डावा हात शाबूत होता. वाजवणारा हात शाबूत होता. गेला होता तो दाबणारा, आणि तो तर माझ्याकडे होता. हा मार्ग एकदा आम्हीच काढला होता आणि ज्याला काही कळत नाही असं मी म्हटलं, त्यालाच तो आठवला होता.

"दुरुस्तीला दिलीय," मी म्हणालो. "आली की आणतो."

मी नया नगरला गेलो. बाईंनी दार उघडलं, आत बसवलं, सरबत दिलं. मी सगळं सांगितलं, भावाचं, झटक्याचं. घेतले त्यापेक्षा जास्त द्यायला तयार आहे म्हणालो, कुठून देणार होतो देव जाणे. बाईंना वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "अंकल, आपने ही तो कहा था, घर में कोई बजाता नहीं. अब बच्ची से कैसे छीनूँ?" मुलगी आतल्या दारात गिटार पोटाशी धरून उभी होती. पत्र्यावर तिने चांदण्यांचे स्टिकर लावले होते. मी सरबत संपवलं आणि खाली उतरलो.

त्यानंतर वहिनीने तीन-चार वेळा विचारलं. कारागीर गावाला गेलाय, तारा मिळत नाहीयेत, असं मी सांगत राहिलो. दादाला भेटायला जाणंही कमी केलं. माफी मागायची असं रोज ठरवायचो आणि रोज मनाशी म्हणायचो, काय उपयोग, तो बरंच म्हणेल. ती काय माफी झाली? बायकोसमोर जे बोललो होतो तेच मी वेगळ्या शब्दांत बोलत होतो, हे कळायला मला फार वेळ लागला.

शेवटी एका रविवारी नवी गिटार घेऊनच गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होती. दादा पाठीला उशी लावून बसला होता. पिशवी बघताच त्याने डावा हात पुढे केला. मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्या उजवीकडे, त्याच्या मेलेल्या खांद्याला लागून बसलो. पहिली कॉर्ड दाबली. त्याने हात फिरवला, सुरुवातीला अडखळत, मग नीट. हनुवटी वर केली. मी कॉर्ड बदलली. पुन्हा वर केली. पुन्हा बदलली. त्याच्या तोंडाच्या सरळ असलेल्या बाजूला हसू आलं.

मग त्याचा हात थांबला. करंगळी तारांखाली काहीतरी शोधू लागली. प्लास्टिकच्या पट्टीवर फिरली, लाकडावर आली, परत पट्टीवर गेली. त्याने करंगळी उचलली, तिच्याकडे पाहिलं, आणि मग हात तारांवर सपाट ठेवून आवाज बंद केला. मान वळवून माझ्याकडे बघत राहिला.

आतून वहिनीने विचारलं, "झाली वाटतं दुरुस्त?"

हो म्हटलं असतं तर तिच्यापुरतं तरी निभावलं असतं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. मग दादाकडे वळलो. "ती दुरुस्तीला नव्हतीच. ही दुसरी आहे. तुझी मी विकली, ही घ्यायला."

भांड्यांचा आवाज थांबला. मी 'बरं' ऐकू येण्याची वाट बघत होतो. सगळ्याला बरं म्हणणारा माझा भाऊ याला बरं म्हणाला नाही. ओठ मिटून बघत राहिला. त्याला सगळं कळलं होतं, आणि याआधीही सगळंच कळत होतं. माझी बोटं अजून नव्या गिटारीच्या तारांवर दाबलेलीच होती. ती मी सोडवली.

"तुला विचारायला हवं होतं," मी म्हणालो. "तू इथेच होतास, आणि मी तुला विचारलं नाही. माझं चुकलं, दादा."