सापाच्या पिल्लाला घर

मंदीत शेजाऱ्यांची नोकरी गेली आणि भारतात परतताना ते आमच्या लेकीला आपलं सापाचं पिल्लू देऊन गेले. बिनविषारी, केशरी, पेन्सिलीएवढं! लेक हरखली आणि तिच्याहून जास्त मी.

इंटरनॅशनल सिटी नावाच्या स्वस्त वस्तीतल्या एका खोलीत आम्ही दाटीवाटीने राहायचो. निदान पिल्लाला तरी ऐसपैस जागा हवी, म्हणून मी हौसेने भलीमोठी काचेची पेटी आणली. पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून बसलं. खाईना, हलेना.

"ममा, इट्स टू बिग. ही इज स्केअर्ड!"

मोठ्या घराला कोण घाबरतं? मी चिडले, पण लगेच स्वयंपाकघरात धावले. क्लिपांच्या झाकणाचा पारदर्शक डबा सापडला! तापल्या सुईने झाकणाला भोकं पाडली, आत करवंटी पालथी घातली. पिल्लू सुळकन तिच्याखाली शिरलं आणि दुसऱ्या दिवशी चक्क जेवलं. आम्ही मायलेकी नाचलोच!

तेवढ्यात खालच्या काकू दारात आल्या. दिवाळीत चिवडा दिलेला डबा त्यांना हवा होता.

"आणि रिकामाच दे हं," त्या म्हणाल्या, "उगाच काही भरत बसू नकोस."

"काकू," मी म्हटलं, "भरलाय हो आधीच."