चौसष्टची फाइल

बाबांनी आईबद्दल लिहिलेलं सगळं मी माझ्या हाताने पुसून टाकलं. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मला कुणी भोळाबिळा समजायला नको.

तो कॉम्प्युटर सेकंडहँड होता. एका सरकारी ऑफिसने कंडम ठरवून लिलावात काढलेला. मी तो स्कूटरवर, चादरीत गुंडाळून, दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणला. मॉनिटर पिवळा पडलेला, कीबोर्डवर कुणाच्या तरी चहाचे डाग. चालू केला तेव्हा त्या ऑफिसच्या शेकडो फाइली जशाच्या तशा आत होत्या. कूलर दुरुस्ती, पडद्यांचं कापड, पाण्याचे माठ. मी त्या उडवायला निघालो तर बाबांनी हात धरला.

"दुसऱ्याचं रेकॉर्ड आहे. कुणी मागायला आलं तर?"

"बाबा, कोण येणार मागायला?"

"राहू दे. तुझं काय खातंय?"

बाबांनी सगळी नोकरी मंत्रालयांत फाइली पुढे सरकवण्यात घालवली होती. त्यांच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. फाइली राहिल्या.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि बाबा विसरू लागले होते. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग मदर डेअरीच्या दुधाच्या बूथवरून घरी यायचा रस्ता. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, आठवतंय तोवर लिहून ठेवा. हे त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही. आम्ही नवरा-बायको ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली की ते त्या मशीनपुढे बसत आणि लग्नापासूनचं एकेक वर्ष टाइप करत. हिंदी टाइपिंगची सोय त्यात आधीच होती, तीच मराठीला पुरली. दुपारी नात शाळेतून आली की विचारत, "ळ कुठे असतो गं?" ती हसत हसत दाखवायची. आम्हाला वाटायचं, म्हातारा विरंगुळा म्हणून काहीतरी बडवतोय. बरं आहे, गुंतलेले राहतात. एकदाही मी मागे उभा राहून वाचलं नाही.

वर्षभरात मशीन रडायला लागलं. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टला लागणारं काहीच त्यावर चालेना. नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची ठरवली. संक्रांतीला बाबा मराठी मंडळींच्या बसमधून पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जात. या खेपेला मी त्यांच्या शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांना लक्ष ठेवायला सांगितलं, बाबांना बसमध्ये बसवलं आणि म्हटलं, परत येईपर्यंत मशीन नवंकोरं करून ठेवू. खूश होतील.

सीडी घातली. अर्ध्या तासाने मशीनने सांगितलं, डिस्कवर जागा कमी आहे. माझं टाळकं सरकलं. त्या कूलरवाल्या फाइली! एका मेलेल्या ऑफिसचं ओझं आपण का वाहायचं? फोल्डर उघडला. मधूनच दोन-तीन फाइली उघडून पाहिल्या, सगळं इंग्रजीत, सगळं तेच रटाळ. सगळ्या सिलेक्ट केल्या आणि कायमच्या उडवल्या. नावं भराभर सरकत गेली. सगळ्यांत आधी गेली १-६४. मग २-६५, मग ३-६६. मी पाहिली. मला आजही ती दिसतात.

बाबांनी आपल्या फाइलींना आईचं नाव दिलं नव्हतं. हयातभर जे केलं तेच केलं होतं. अनुक्रमांक, पुढे साल; पहिलं साल लग्नाचं. आणि खासगी कागद असा वेगळा उघड्यावर न टाकता आधीच्या रेकॉर्डला लागून, त्याच फोल्डरमध्ये शिस्तीत ठेवला होता. चौसष्ट साली कुठल्या ऑफिसात आलाय कॉम्प्युटर, एवढं साधं माझ्या डोक्यात येऊ नये? मीही सरकारी नोकरीतच आहे. नंबर दिसला की आम्ही आतलं वाचत नाही.

संध्याकाळी बाबा तिळगुळाची पुडी घेऊन आले. मुलगी नाचत होती, "आजोबा, बघा ना, एकदम मस्त झालंय, यार!" बाबांनी बूटसुद्धा न काढता खुर्ची ओढली. बराच वेळ माऊस फिरवत राहिले.

"माझ्या फाइली?"

"कुठल्या?"

त्यांनी सांगितलं. तेव्हा मला कळलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "हरवलेली फाइल पुन्हा उभी करता येते. समोरच्या पार्टीकडून प्रत मागवायची." आणि मग बूट काढायला वाकले. समोरची पार्टी म्हणजे आई होती.

मुनिरक्यात एक दुकानदार उडालेलं परत काढून देतो असं कळलं. हार्ड डिस्क घेऊन गेलो. तीन दिवसांनी त्याने जे परत मिळालं ते दाखवलं. कूलर दुरुस्तीच्या नोट्स आल्या, पडद्यांचं कापड आलं, अगदी सहीसकट. बाबांच्या जागेवर नवीन सिस्टीम जाऊन बसली होती. "भाई साहब, उसके ऊपर लिखा जा चुका है," तो म्हणाला. मी दुकानाच्या पायरीवर बसून रडलो.

बाबांनी पुन्हा सुरुवात केली. वर १-६४ लिहिलं, खाली काही सुचेना. मला विचारलं, "आम्ही तेव्हा कुठल्या क्वार्टरला होतो रे?" माझा तर जन्मही झाला नव्हता. मी आईला कधी विचारलं नव्हतं. चार-पाच दिवसांत त्यांनी लिहिणं सोडलं.

पण शोधणं सोडलं नाही. रोज सकाळी अंघोळ करून मशीनपुढे बसायचे आणि विचारायचे, माझ्या फाइली कुठे आहेत? काल सांगितलेलं ते विसरलेले असत. मी रोज सांगायचो, बाबा, माझ्याकडून डिलीट झाल्या. रोज त्यांचा चेहरा पहिल्यांदा ऐकल्यासारखा पडायचा. बायको म्हणाली, "खोटं सांगा ना, मुनिरक्याला दिल्यात म्हणून." मला ते जमलं नाही. शिक्षा आहे तर पुरती भोगावी, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. त्यात शिक्षा त्यांनाच होत होती, हे मला फार उशिरा कळलं.

उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. आठवडा गेला आणि मलाच राहवेना. ते खिडकीशी बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, आईच्या फाइली नाही शोधायच्या आज?"

बाबा घरात माझ्याशी जन्मात कधी हिंदी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीत जरा सावरून बसले आणि अदबीने म्हणाले, "माफ कीजिएगा, वो फाइल हमारे सेक्शन में नहीं आती."