आधी फोन ठेवायचा नाही

"वापर वं, नाही तं गंजते."

असं म्हणताना ताई अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, जणू बोटांना लागलेला गंज पुसते आहे. बोलणं लोखंडाबद्दल नसायचं, इंग्रजीबद्दल असायचं.

सत्तरच्या दशकात सावनेर रस्त्यावरच्या एका कारखान्यात आम्ही दोघी टेलिफोन ऑपरेटर होतो. दोघीही टेम्पररी. ती फार आधीपासूनची, मी नवी. खोली एवढीशी, पंखा कुरकुरणारा, खिडकीतून कोळशाच्या ट्रकची धूळ आत. समोर लाकडी बोर्ड. कॉल आला की त्यावरची छोटी झडप टक्कन पडायची. वायरीचं एक टोक तिथं खुपसायचं, समोरच्याचं ऐकायचं आणि दुसरं टोक साहेबांच्या नंबरावर लावून द्यायचं. याला म्हणायचं पुट थ्रू. साहेब लोक कुणी कलकत्त्याकडचे, कुणी मद्रासकडचे, त्यामुळे बोर्डावर सगळं बोलणं इंग्रजीत.

माझं इंग्रजी कॉलेजातलं. निबंध लिहून घ्या, पण फोनवर कुणी 'कॉल मी बॅक' म्हटलं की माझं नुसतं 'यस, यस' सुरू. ताईनं मला शिकवायला घेतलं. तिची पद्धत अशी की रोज एक क्रियापद त्याच्या अप, डाऊन, ऑफ अशा शेपटासकट घ्यायचं आणि दिवसभर सापडेल त्याच्यावर वापरायचं. शेपूट कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"खा म्हटलं तं नुसतं खाणं झालं. खाऊन टाक म्हटलं तं ताट रिकामं झालं. आपल्यात हाय तसंच त्यांच्यात हाय. घाबरते काहून?"

तिचं हे वापरणं तुम्ही पाहायला हवं होतं. इंदोरा मोहल्ल्यातून आमची स्टाफ बस सुटायची. ताई चढतानाच ड्रायव्हरला बजावायची, "आज सेट ऑफ लवकर कर गा, काल स्लो डाऊन करून करून उशीर केला." ड्रायव्हरही तयार झाला होता. बस बंद पडली की खाली न उतरताच जाहीर करायचा, "ब्रेक डाऊन झाली, ताई. आता तुम्ही लोक गेट डाऊन व्हा." बाजारातली भाजीवाली तिला लांबून पाहूनच सांगायची, "वांगे रन आऊट झाले, बाई, उद्या या." ताईचे वडील गिरणीतून निवृत्त झालेले, दारातल्या खाटेवर बसलेले असायचे. तब्येत विचारली की म्हणायचे, "पिक अप करून राहिलो." आणि मुलीच्या लग्नाचं कुणी काढलं तर, "थे मी गिव्ह अप केलं."

हसू यायचं. पण मोहल्ल्यातली पोरंसोरं नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी तिच्याकडेच यायची, हे मी नंतर पाहिलं.

बोर्डावर तिचे नियम दोनच. लाईनवर थांबलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, मधूनमधून 'आर यू होल्डिंग ऑन' विचारायचं. आणि आपण आधी फोन ठेवायचा नाही. "समोरच्याले आणखी काही सांगाचं असन तं? त्यानं ठेवला का मंग ठेवजो."

या कामाची एक खोड तिच्या हाताला लागली होती. फोन वाजला की हात जायचाच, मग फोन कुणाचाही असो. एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो होतो. टेबलावरचा फोन वाजला. डॉक्टर हात पुढे करेपर्यंत ताईनं रिसीव्हर कानाला लावून 'होल्ड ऑन प्लीज' म्हटलंही होतं. डॉक्टर हसले, मी पोट धरून हसले, ती पदर तोंडाला लावून बसली. हा प्रसंग लक्षात ठेवा. मी ठेवला होता.

मग ऑपरेटरची एक जागा पर्मनंट निघाली. अर्ज आमच्या दोघींचे. मुलाखत इंग्रजीत, आमच्याच कारखान्यात, मोठ्या साहेबांच्या खोलीत. तिला कॉलनीतला क्वार्टर मिळाला असता, वडिलांना घेऊन राहता आलं असतं. मला काय मिळणार होतं? घरी माझं लग्न घाईनं उरकायचं चाललं होतं. मुलगा पाहून गेला होता. पर्मनंट झालीस तर थांबू, एवढंच माझे वडील म्हणाले होते. त्या दिवसांत मला झोप नव्हती, बसल्या जागी पाय हलत राहायचा. ताई म्हणायची, "कूल डाऊन वं. तुले नाही तं मले, भेटन कोणालेतरी."

मुलाखतीच्या दिवशी ती सकाळी आत गेली. माझी पाळी दुपारी, तोवर बोर्डावर मी एकटी. जाताना तिनं एकच सांगितलं, साहेबांच्या खोलीत कॉल देऊ नको, कुणी आलं तर नंबर विचारून ठेव. हुकूमही तसाच होता.

थोड्या वेळानं झडप पडली. साहेबांच्या घरून, त्यांची बायको. गाडी केव्हा पाठवणार, एवढंच विचारायचं होतं. 'ही विल कॉल यू बॅक' हे वाक्य मला येत होतं. ताईनंच शिकवलेलं. वायर हातात होती. तो दवाखाना मला दिसत होता, टेबलाकडे जाणारा तो हात दिसत होता. चुकून झालं असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं, स्वतःलाही. चुकून झालं नाही. मी पुट थ्रू केलं.

पुढचं दाराशी उभ्या असलेल्या शिपायानं सांगितलं. पहिल्याच घंटीला साहेबांच्या फायलींवरून ताईचा हात गेला. 'होल्ड ऑन प्लीज' म्हणून झालं आणि मग तिला कळलं आपण कुठं आहोत. मुलाखत घेणारे बाकीचे दोघे हसले. साहेब हसले नाहीत. "पुट इट डाऊन," म्हणाले. तिनं फोन ठेवला. मग तिला काही विचारलंच नाही म्हणे, थँक यू म्हणून पाठवून दिलं.

ती खोलीत आली, खुर्चीवर बसली.

"मी आधी फोन ठेवला वं. ती बिचारी बोलूनच राहिली होती."

आणि तिनं साहेबांच्या घरचा नंबर लावला. सॉरी मॅडम, आय कट यू ऑफ, म्हणाली. पलीकडून गाडीचं ऐकून घेतलं, निरोप देते म्हणाली, समोरून फोन ठेवल्याची खात्री करून वायर काढली.

"अर्जंट आहे म्हणाल्या होत्या," मी म्हणाले.

आत्ताच ती त्या बाईंशी बोलली होती. गाडीचंच विचारायचं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं अंगठा आणि तर्जनी हळूहळू घासली.

"तुझी पाळी दुपारी हाय नं? 'लुक इन्टू' पक्कं नाही तुझं. चल, एक वाक्य बोल."

मी बोलले. ती दुरुस्त करत गेली, मी बोलत गेले. दुपारी मला नेमकं तेच लागलं. कुणाची तक्रार आली तर काय म्हणाल? 'आय विल लुक इन्टू इट, सर.' साहेबांनी मान डोलावली.

जागा मला मिळाली. माझं लग्नही थांबलं. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये मी एकटीच राहायला गेले आणि पहिले कित्येक दिवस सामान सोडलंच नाही. ताई काही महिन्यांनी सोडून गेली, शहरातल्या एका इस्पितळाच्या बोर्डावर. निरोपाला ड्रायव्हर म्हणाला, "कीप अप करजा, ताई." सगळे हसले. मी बस सुटायच्या आधीच उतरले होते.

ताई आता नाही. गेल्याचंही मला उशिरा कळलं. पण त्याच्या बरंच आधी, एका दुपारी, मी तिच्या इस्पितळात फोन लावला होता. तोच आवाज, तेच 'होल्ड ऑन प्लीज'. मी थांबले. थोड्या वेळानं ती परत आली.

"आर यू देअर?"

माझा श्वास तिला ऐकू गेला असेल. माझ्या श्वासाशेजारी ती एवढे दिवस बसली होती.

"तू हायेस नं वं?" ती म्हणाली. "बोल आरामात. मी हाय लाईनवर."

सांगायचं वाक्य तयार होतं, साधं मराठीतलं. पलीकडे तिच्या बोर्डावर झडपा पडत होत्या, टक, टक. ती त्यांच्याकडे वळल्याचं मला ऐकू आलं नाही. ती थांबली होती. मीही थांबले.

मग फोन मी ठेवला. तिनं केव्हा ठेवला, मला माहीत नाही.