सगळ्यांना सारखं

केदारखेड्यातल्या आमच्या पुष्पाकाकूंच्या घरात कायदा एकच, जे येईल ते सगळ्यांना सारखं. लेकरांना तसं, शेळ्यांनाही तसंच.

शेळ्यांना बुळकांडीची लस टोचायच्या आधी गुरांच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. बाटली निम्म्या कळपापुरतीच होती. "एकेकीला पुरं माप पाजा, बाकीच्यांसाठी परत या," असं त्यांनी बजावलं होतं. काकूंना ते कुठलं पटायला! "एकीला पाजायचं अन् दुसरीनं नुसतं बघायचं? बिलकुल न्हाई," म्हणत त्यांनी औषधात पाणी घातलं आणि सगळ्या शेळ्यांना घोट घोट पाजलं.

मग लस टोचून झाली आणि काकू निर्धास्त झाल्या. उन्हाळ्यात गावात शेळ्यांच्या बुळकांडीची साथ आली. नाकं गळायला लागली, हगवण लागली आणि काकूंच्या शेळ्या एकापाठोपाठ एक आडव्या झाल्या.

"लस तर बराबर टोचली होती ना?" काकू डॉक्टरांवर खेकसल्या.

"टोचली होती, मावशी. पण अर्ध्या औषधानं जंत मरत नाहीत. जंतांनी पोखरलेल्या अंगात लस नीट धरत नाही."

हे त्यांनी आधी सांगायला काय झालं होतं? पण सांगितलं असतं तरी काकूंनी औषध सगळ्यांत वाटलंच असतं.

एक काळी शेळी तेवढी वाचली. डॉक्टरांनी पुन्हा तेवढीच बाटली दिली. काकूंनी शेळीचं तोंड धरून तिला पुरं माप पाजलं. बाटली जवळजवळ भरलेलीच राहिली. रिकाम्या खुंट्यांकडे बघत काकू मला म्हणाल्या, "या खेपेला पुरलं बघ."